बारवेतला ऑर्गन

मामा माझ्याशी शेवटचं बोलले ते चूक काढायला. सकाळी शाळेला निघायच्या आधी मी अंगणात क्लॅरिनेट वाजवत होते आणि ते आत पलंगावर पडून ऐकत होते, नाकात ऑक्सिजनची नळी, डोळे मिटलेले. माझं वाजवून झालं, क्लॅरिनेट पेटीत ठेवली, पर्स उचलून उंबऱ्याशी गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "तिसऱ्या ओळीत... दम लवकर घ्यायलीस." मी म्हटलं, "संध्याकाळी बघू, मामा." ते "हां" म्हणाले आणि मी एसटी गाठायला पळाले. दुपारी सातवीच्या वर्गात समास शिकवत होते तेव्हा संतोषचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही. नाव दिसलं तेव्हाच काय ते कळलं. तो फक्त "ये" म्हणाला... आणि गावाकडे येताना सबंध रस्ताभर माझ्या डोक्यात ती तिसरी ओळच फिरत होती. लोक म्हणतात, शेवटचे शब्द मायेचे असावेत. मला मिळाले ते मायेचेच होते असं मी समजते. कोणाला वेगळं वाटत असेल तर वाटो.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझे मामा म्हणजे सुभेदार माणिकराव, ताडकळसजवळच्या एका लहानशा गावातल्या शेतकरी घरातले. फौजेत भरती व्हायला गेले ते बंदुकीच्या ओढीनं. तिथं कुणीतरी त्यांचा कान तपासला, शिट्टीवर ऐकवलेली धून त्यांनी जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि त्यांची रवानगी बँडमध्ये झाली. त्यांच्या वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं म्हणे. आपल्यात कुणी वाजंत्रं वाजवत नाही, ते काम वेगळ्या लोकांचं, असा तो काळ होता आणि खरं सांगायचं तर अजूनही तो पुरता गेलेला नाही. पोरगा फौजेत आहे एवढंच ते गावाला सांगत, बँडचं नाव काढत नसत. मामा मात्र सुट्टीवर आले की भर पारावर बसून क्लॅरिनेट वाजवायचे. कुणी हसलं तर हसू द्यायचे. पुढं पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले, एका वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यांसाठी कसं लिहायचं ते शिकले, बँडचे सुभेदार होऊन निवृत्त झाले. गावानं त्यांना 'बँडसुभेदार' असं नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांना ते टोचावं असं वाटत होतं, पण मामांनी घराच्या दारावर पाटी लावली तीच मुळी 'बँडसुभेदार माणिकराव' अशी.

त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते डोंगरातल्या एका छावणीत. तिथल्या जुन्या चर्चमध्ये कसलासा समारंभ होता आणि बँडला तिथं वाजवायचं होतं. मामा सवयीप्रमाणे वेळेच्या आधी पोचले. आत एक म्हातारे गृहस्थ एकटेच ऑर्गनचा सराव करत होते. भिंतभर उंच नळ्या, दोन हातांखाली पट्ट्यांच्या दोन रांगा आणि पायांखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चर्चच्या वादकानं लिहिलेलं ते संगीत होतं. मामा ही गोष्ट आम्हाला सांगायचे तेव्हा दरवेळी पायांवर येऊन थांबायचे. "फौजेत पाय फक्त कवायतीला असतेत असं मला वाटायचं," ते म्हणायचे. "त्या म्हाताऱ्याचे पाय गायला लागले... उजवा हात एक बोलायलाय, डावा त्याच्या मागं पळायलाय, अन् पाय खालून दोघांला सांभाळायलेत. एकटा माणूस, अन् आतमधी चार माणसं." त्यांनी त्या गृहस्थांकडून त्या संगीताची छापील पानं मागून घेतली. ऑर्गन काही त्यांच्या वाट्याला येणार नव्हता, वाजवणारी माणसं मात्र त्यांच्याकडे होती. एका माणसाच्या आतली चार माणसं बाहेर काढून त्यांच्या हाती फुंकवाद्यं द्यायची, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं आणि पुढं उभा जन्म तेच केलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामा नुकतेच निवृत्त झाले होते. संतोषला वाद्याचा तिटकारा होता. शाळेत पोरांनी त्याला 'बँडवाल्याचा' म्हणून इतकं छळलं होतं की त्यानं कधी क्लॅरिनेटला हात लावला नाही, आणि मामांनीही त्याला कधी जबरदस्ती केली नाही. मी माहेरी पेटीवर भजनं वाजवायची एवढंच माझं भांडवल. एक दिवस मामा ओसरीत वाजवत होते, मी भाजी निवडत होते आणि ते एका जागी सूर चुकले तेव्हा मी मान वर केली. त्यांनी वाजवणं थांबवलं. "कळलं का तुला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी क्लॅरिनेट काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आत्यांनी घर डोक्यावर घेतलं. "सुनेनं तोंडात पुंगी धरायची? लोक काय म्हणतील? उद्या वरातीत नेऊन उभी करताव का तिला?" मामा शांतपणे म्हणाले, "वरातीत न्हाई. त्याच्यापरीस अवघड जागी उभी करायचीय." माझी आई पिंगळीहून मुद्दाम समजूत काढायला आली. शिकलेली पोरगी, मास्तरीण होणार, आणि हे काय, असं तिचं म्हणणं. तिच्याच समोर मी पदर खोचून बसले आणि मला येणारा एकुलता एक सूर लांबवर धरला. तो भयंकर बेसूर होता. पण मी तो सोडला नाही, दम संपेपर्यंत सोडला नाही. आई निघून गेली. मामांनी माझ्यातलं काय हेरलं होतं ते मला त्या दिवशी समजलं... तो माझा कान नव्हता, हट्ट होता.

चौघांपैकी दोघं घरातच मिळाले होते. तिसरे गफूरचाचा. परभणीत लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी हयात घालवली होती. डीजेची गाडी आली, लोकांना छाती हादरवणारा आवाज हवासा झाला आणि बँडवाले घरी बसले. चाचांचा आल्टो सॅक्सोफोन कपाटावर धूळ खात पडला होता. मामा त्यांच्याकडे गेले तेव्हा चाचा म्हणाले, "सुभेदारसाब, मी कागद बघून वाजवत न्हाई. जिंदगीत न्हाई वाजवलं." मामा म्हणाले, "मग ऐकून वाजवा. कागद मी माझ्या समाधानासाठी लिहीन." आणि खरोखर ते प्रत्येक रचनेत चाचांची ओळ लिहायचे, कागद त्यांच्या समोर लावायचे, आणि चाचा त्या कागदाकडे ढुंकूनही न बघता मामांच्या गळ्यातून ऐकलेलं बिनचूक वाजवायचे. चौथा बळीराम. आमच्याच गावातला, दरवर्षी दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा, छातीनं रुंद आणि बोलायला कमी. तो आधी गावच्या बँडमध्ये मोठं पितळी वाद्य वाजवायचा. मामांनी हैदराबादहून जुना बॅरिटोन सॅक्सोफोन मिळवून आणला, जवळजवळ माणसाच्या कमरेइतका उंच, आणि तो बळीरामच्या गळ्यात अडकवला. ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याचे पाय म्हणजे आता बळीराम. तो कारखान्याच्या तळावरून परत येईपर्यंत आमचे चार-पाच महिने पायांवाचून जायचे आणि मामा त्या दिवसांत नवीन लिहीत बसायचे.

हे लिहिणं म्हणजे नक्कल नव्हे, हे मला हळूहळू समजत गेलं. ऑर्गनला दम घ्यावा लागत नाही. भात्यात हवा आहे तोवर तो एकच सूर हवा तितका वेळ धरून ठेवतो आणि वरती बाकीचे आवाज खेळत राहतात. माणसाला ते जमत नाही. मग मामांनी काय करावं, तर तो लांब सूर बळीराम आणि चाचांमध्ये वाटावा. बळीरामचा दम संपायच्या जरा आधी चाचांनी तोच सूर हळूच उचलायचा, बळीरामनं सोडायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा खालून आत यायचं, ते असं की ऐकणाऱ्याला सूर तुटल्याचं कळता कामा नये. एवढ्या एका जागेसाठी आम्ही कित्येक संध्याकाळी घालवल्या. मामा पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "शिवण दिसायलीय." पुन्हा. "अजून दिसायलीय." पुन्हा. चाचा वैतागून म्हणायचे, "साब, कपड्याला शिवण असतीच की." मामा म्हणायचे, "असू दे. पण ती आतल्या अंगाला पाहिजे." आणखी एक अडचण अशी की डाव्या हातासाठी लिहिलेलं पुष्कळसं माझ्या क्लॅरिनेटच्या आवाक्याखाली जायचं. तिथं ते ओळ मधूनच तोडून चाचांकडे द्यायचे आणि पुढं वर आली की माझ्याकडे परत आणायचे. फ्यूग नावाचा एक प्रकार आहे त्या संगीतात. एक जण छोटीशी चाल सुरू करतो, दुसरा तीच चाल घेऊन त्याच्या मागं लागतो, मग तिसरा, मग चौथा. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पाठलाग'. आजही आम्ही तेच म्हणतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्या जिल्ह्याची थट्टा सगळ्या महाराष्ट्रात चालते, ती मामांना ठाऊक होती. कुणी ती केली की ते म्हणायचे, "मग या ऐकायला. आमी ते खरं करायलाव."

सुरुवातीला आम्ही महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात बसायचो. पुजाऱ्यांची काही हरकत नव्हती, उलट ते खांबाला टेकून ऐकायचे. मग मामांचे चुलतभाऊ दत्तराव चार माणसं घेऊन आले. म्हणाले, "माणिक, हे किरिस्तावाच्या देवाचं गाणं हाय म्हणं. ते इथं चालायचं न्हाई. अन् सून माणसात बसून वाजवायली, ते तर मुळीच न्हाई." मामांनी वाद घातला नाही. त्यांनी कागद गोळा केले, उठले आणि आम्हाला घेऊन थेट गावाबाहेरच्या बारवेवर गेले. ती पायऱ्यांची जुनी विहीर कैक वर्षं कोरडी होती. लोक तिच्यात फुटकी मडकी, जुन्या चपला, मोडकी छत्री असलं काहीबाही टाकत होते. मामा पायऱ्या उतरून मधल्या टप्प्यावर उभे राहिले आणि त्यांनी एक सूर वाजवला. तो चारी भिंतींना लागून वर आला, वर येऊन थांबला... आणि मामांनी क्लॅरिनेट तोंडातून काढल्यावरही तसाच टांगलेला राहिला. कोनाड्यातले पारवे फडफडत उडाले. मामा वर तोंड करून म्हणाले, "चर्च मिळालं की रे." मग आम्ही चौघांनी ती बारव साफ केली. मामांच्या हातात फावडं, चाचा आणि मी टोपली वाहणारे, बळीराम एकटा दोघांच्या वाटचं काम करणारा. येणारेजाणारे काठावर उभं राहून बघायचे. आत्या एकदा जेवण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पेन्शन घ्यायची अन् कचरा काढायचा. बरं हाय." पण भाकरी चौघांना पुरून उरेल इतकी आणली होती.

बारवेनंही आम्हाला सहजासहजी आत घेतलं नाही. तिथला घुमारा इतका मोठा की जलद जागा सगळ्या एकमेकींत मिसळून त्यांचा कालवा व्हायचा. मामांनी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. कुठं लय कमी केली, कुठं सुरांच्या मधे जागा सोडली, कुठं एका आवाजाला पूर्ण गप्प केलं. मी म्हटलं, "मूळ लिहिणाऱ्याचं बदलायलाव तुमी." ते म्हणाले, "त्यानं त्याच्या चर्चसाठी लिहिलं. मी माझ्या बारवेसाठी लिहायलोय. त्याला राग आला तर येऊ दे इथं, बसवू पायरीवर."

एकदा परभणीच्या एका मंडळानं आम्हाला बोलावलं. वार्षिक समारंभात 'ग्रामीण कलावंतांचा वाद्यवृंद' असं काहीतरी होतं. आयोजकांनी आधीच सांगितलं की दोन चित्रपटगीतं वाजवा आणि ते तुमचं विदेशी काय असेल ते शेवटी मिनिटभर. मामा म्हणाले, "आमच्याकडं गाणी न्हाईत. एक पाठलाग हाय, आठ-नऊ मिनिटांचा. पाहिजे तर वाजवतो, नसंल तर येत न्हाई." नाइलाजानं ते हो म्हणाले. आम्ही वाजवायला बसलो, सभागृह भरलेलं, मी पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर. चाल मी सुरू केली, मामा आत आले, चाचा आले, बळीराम खालून आला, आणि सगळं नीट चाललं होतं. अर्ध्यावर प्रमुख पाहुणे दारात आले. आयोजकांनी आम्हाला हातानं खूण केली, बास. मामांनी पाहिलं आणि वाजवत राहिले. मग आमच्यासमोरचे माइक बंद झाले. एकदम आवाज उतरला, सभागृहात कुजबुज सुरू झाली, पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी उभ्या राहिल्या, कुणीतरी हार घेऊन धावलं. मी घाबरून मामांकडे बघितलं. त्यांनी भुवई उंचावून माझ्या कागदाकडे खूण केली... तुझी जागा यायलीय. मी वाजवलं. चौघंही वाजवत राहिलो, आपल्या छातीतल्या हवेवर, माइकशिवाय. पाहुणे मधल्या वाटेत हार घालून उभे होते, पुढं यावं की न यावं त्यांना कळेना, शेवटी बिचारे मिळेल त्या खुर्चीवर बसले. मागच्या रांगांतले काही जण उठून गेले, काही जण ऐकायला पुढं सरकले. आम्ही शेवटच्या सुरापर्यंत गेलो. टाळ्या थोड्या होत्या. आयोजक तावातावानं मामांकडे आले आणि म्हणाले, थांबा म्हणून सांगितलेलं कळत नाही का? मामा क्लॅरिनेट पुसत होते. म्हणाले, "साहेब, संपलं की आमी थांबलो. थांबवलं म्हणून थांबत न्हाई."

परत येताना एसटीत बळीराम सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "मामा, लोकांला काय कळलं असंल का?" मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याचं मला माहीत न्हाई. तू दुसऱ्या पानावर उशिरा आलास, एवढं मला कळलं." चाचा इतके हसले की कंडक्टरनं वळून बघितलं. त्या मंडळानं आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यानंतर दुसऱ्याही कुणी बोलावलं नाही, गोष्ट पसरते. मामांना त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी बारवेत बसायचे दिवस वाढवले, आणि हळूहळू काठावर माणसं येऊन बसायला लागली. शेताकडून परतणारी, शेळ्या घेऊन जाणारी, पालमहून पाहुणे म्हणून आलेली. कुणी समजून घ्यायला येत नव्हतं. ऐकायला येत होते.

मग मामांना धाप लागायला लागली. आधी वाटलं वय आहे. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नांदेडला पाठवलं, तिथं कळलं की फुफ्फुसं आकसत चालली आहेत आणि ती पुन्हा उलगडत नाहीत. डॉक्टरांनी फुंकवाद्य बंद करायला सांगितलं. मामांनी विचारलं, बंद केल्यावर बरं होईल का? डॉक्टर नाही म्हणाले. मामा म्हणाले, "मग कामून बंद करू?" आणि जमेल तोवर वाजवलं. आधी अर्धी ओळ, मग दोन सूर, मग एक. शेवटी क्लॅरिनेट नुसती मांडीवर घेऊन बोटं फिरवायचे. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, दिवसरात्र एकाच सुरात गुरगुरणारं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचा सूर ओळखला आणि मला म्हणाले, "ही बघ, हिला दम घ्यावा लागत न्हाई. हिला बळीरामच्या जागी बसवता आलं असतं." मी हसले नाही. ते मात्र हसले आणि त्यात त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्याच दिवसांत ते काहीतरी नवीन लिहीत होते. मांडीवरच्या पाटीवर कागद, पाठ उशीला टेकून, दोन ओळी लिहायच्या आणि पडून राहायचं. एका रविवारी त्यांनी माझ्या हातात कागद दिले. मी बघितलं. तीनच आवाज होते. क्लॅरिनेट, आल्टो, बॅरिटोन. त्याच जर्मन वादकानं ऑर्गनसाठी तीन आवाजांच्याही रचना लिहून ठेवल्या आहेत, एक उजव्या हाताला, एक डाव्या हाताला, एक पायांना, चौथा त्यात मुळातच नाही. मामांनी त्यांतली एक आमच्या तिघांसाठी उतरवली होती. मी कागद पलंगावर परत ठेवले.

"मला नको हे," मी म्हटलं.

"कामून?"

"तुमी तुमालाच खोडायलाव."

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "खोडत न्हाई... मी यात कधी नव्हतोच. बघ... मूळची तिघांची हाय."

"आमी चौघांचंच वाजवू. तुमची जागा आली की तेवढं थांबू."

आणि मामा चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "अन् रडताव... माझ्या जागंवर? लोक म्हणणार... बिचारा सुभेदार. जागा रिकामी पडली... मला कीव नको, सुरेखा. कुणाची... न्हाई घेतली. भोकाचं संगीत... वाजवू नका माझ्या नावानं. पुरं वाजवा... न्हाईतर वाजवू नका."

मी उठून गेले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कागद उचलले, कारण पुरं वाजवा म्हणणाऱ्या माणसाला मला नाही म्हणता येईना. पण एवढं त्यांना सांगितलं की मी हे तुमच्या आज्ञेवरून वाजवत नाही, अवघड आहे म्हणून वाजवते. ते म्हणाले, "तेच पाहिजे." पुढचे काही आठवडे चाचा आणि बळीराम घरी येऊन बसायचे, आणि मामा पडल्या पडल्या एक बोट वर करायचे. एक बोट म्हणजे शिवण दिसली.

मामा गेल्यावर सगळे विधी रीतीप्रमाणे झाले. तेरावं झालं त्या दिवशी दत्तराव ओसरीत बसून म्हणाले की आता वर्षभर या घरात वाजंत्री वाजता कामा नये, लोकरीत आहे. संतोष माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी चाचा परभणीहून आले, बळीराम आला आणि आम्ही तिघं बारवेत उतरलो. घरात वाजवू नका म्हणाले होते, बारवेचं कुणी बोललं नव्हतं. काठावर गाव जमलं. ज्यांनी आयुष्यभर त्यांना नावं ठेवली तेही आले होते, कदाचित हळहळायला. मी सुरू केलं, चाचा आले, बळीरामनं पाय टाकले. वाजवताना माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, कुठं रिकामं लागतंय का. दर वळणावर मी ती जागा शोधत होते जिथं त्यांचं नसणं ऐकू येईल... आणि ती सापडली नाही. एकही नाही. तीन आवाज एकमेकांत इतके घट्ट बसले होते की चौथ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. मला त्यांचा राग आला, फार राग आला, की रडायला एवढीशी फटही ठेवली नाही या माणसानं. त्या रागात मी शेवटचं पान जितकं चांगलं वाजवलं तितकं आधी कधी वाजवलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत दम वेळेवर घेतला. वर बघितलं तर काठावर दत्तराव उभे होते. मी कागद गोळा केले.

आता रोजचं सुरू आहे. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी लावतात, रीड म्हणतात तिला. ती वाजवण्याआधी ओली करावी लागते. मामा रोज सकाळी चहा झाला की रीड तोंडात धरून ओसरीत बसायचे आणि तेवढा वेळ त्यांना बोलता यायचं नाही. आत्या नेमक्या तेव्हाच त्यांच्याजवळ येऊन बसायच्या आणि सगळ्या तक्रारी सांगून घ्यायच्या, कारण मधेच कुणी उत्तर देणार नसायचं. परवा मी तशीच रीड तोंडात धरून ओसरीत बसले होते. शेजारच्या शांताबाई आल्या. म्हणाल्या, "सुरेखा, सुभेदार गेले. आता कशाला गं हे? अब्रूचं घर हाय तुझं." मला बोलता येत नव्हतं. आत्या आतून आल्या, कपाळ मोकळं, हातात लसूण. माझ्याशेजारी टेकल्या, सोलायला लागल्या आणि शांताबाईंकडे न बघता म्हणाल्या, "ती आता बोलायची न्हाई. तिला वाजवायचंय." शांताबाई निघून गेल्या. मग आत्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि सुरू झाल्या... काल दूध उतू गेलं ते मी बघितलं नाही म्हणून, संतोष वेळेवर जेवत नाही म्हणून, वरच्या पत्र्याचं कधीपासून सांगायलेय म्हणून. मी मान हलवत ऐकत राहिले.